प्रामाणिकपणाला हजेरी कशाला?

प्रश्न : माझा भाचा जळगावच्या विद्यापीठात पीएच.डी. करतो. त्याला फेलोशिपही आहे. 'संशोधन आणि प्रकाशन नीतिमत्ता' नावाचा पेपर पास झाल्याशिवाय पुढचे पान उलटत नाही, असे तो सांगतो. माझी मुलगी अमेरिकेत संशोधन करते. तिलाही असले तास करावे लागले, का तर म्हणे पगार सरकारी अनुदानातून येतो. मी तीस-बत्तीस वर्षे शाळेत शिकवले, म्हणून कुतूहलाने विचारते : प्रामाणिकपणा असा तासाला बसवून शिकवता येतो का? आणि ज्याला अनुदान मिळते त्यालाच तो का शिकवायचा? स्वतःच्या खर्चाने संशोधन करणाऱ्याने खोटेपणा केला तर तो चालतो का?
— एक निवृत्त शिक्षिका, अमळनेर

उत्तर : बाई, शेवटच्या वाक्यात तुम्ही चिमटा काढला आहे, तेव्हा आधी तिथेच हात घालतो.

अमेरिकेतली गोष्ट खरोखरच पैशापासून सुरू झाली. १९८१ च्या मे महिन्यात हार्वर्डच्या हृदयविकार प्रयोगशाळेत जॉन डार्सी नावाचा तरुण डॉक्टर सहकाऱ्यांच्या डोळ्यांदेखत पकडला गेला. प्रयोगाच्या नोंदी यंत्रातून कागदाच्या पट्टीवर उमटत होत्या. पट्टी होती जेमतेम काही मिनिटांची, आणि हा गडी तिच्यावर '२४ तास', '७२ तास', 'एक आठवडा', 'दोन आठवडे' अशा खुणा करत सुटला होता. हुशार म्हणून नावाजलेला, रात्रंदिवस राबणारा, वरिष्ठांचा लाडका. त्याच सुमारास आणखी काही प्रकरणे बाहेर आली, तिथल्या संसदेपुढे सुनावण्या झाल्या, आणि तिथे प्रश्न निघाला तो करदात्याच्या पैशाचा. पुढे एनआयएच या आरोग्य-संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या सरकारी संस्थेने १९८९ साली जाहीर केले, आणि वर्षभरात लागूही केले, की आमच्या प्रशिक्षण-अनुदानावर शिकणाऱ्याला जबाबदार संशोधनाचे धडे द्यावेच लागतील.

अट अनुदानालाच का जोडली, याचे कारण साधे आहे. विद्यापीठाने पदवी कशी द्यावी, हे तिथल्या केंद्र सरकारला सांगता येत नाही. पैसे देताना अट मात्र घालता येते. मग एकेक पेच आवळत गेला. २००९ मध्ये एनआयएचने स्पष्ट केले की प्रशिक्षण किमान आठ तासांचे हवे, समोरासमोर हवे, नुसत्या ऑनलाइन धड्यांवर भागणार नाही, आणि चार वर्षांतून एकदा तरी ते पुन्हा व्हायला हवे. एनएसएफ ही विज्ञानाला पैसा देणारी दुसरी मोठी संस्था. २००७ च्या एका कायद्यामुळे तिलाही जानेवारी २०१० पासून हेच करावे लागले. तुमच्या मुलीचा पगार या दोहोंपैकी एखादीकडून येत असेल, तर तिचे तास इथून आले.

आपल्याकडे मात्र ही अट पैशाला जोडलेलीच नाही. ती पदवीला जोडली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ च्या डिसेंबरमध्ये सगळ्या विद्यापीठांना कळवले की पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये दोन श्रेयांकांचा, तीस तासांचा हा अभ्यासक्रम सक्तीचा राहील. २०२२ च्या पीएच.डी. नियमावलीत तो पुन्हा नावानिशी आला. त्यामुळे भाच्याला महिन्याला सदतीस हजारांची जेआरएफ असो, 'बार्टी', 'सारथी' किंवा 'महाज्योती'ची फेलोशिप असो, नाहीतर नोकरी सांभाळून पदरचे पैसे घालून प्रबंध लिहिणारा प्राध्यापक असो, पेपर सगळ्यांना सारखाच. फेलोशिपचा आणि या पेपराचा संबंध भाच्याने जोडला असेल, तर तो बहिणीच्या ऐकीव माहितीवरून. विनाअनुदान खोटेपणाची मुभा कुणालाच नाही, तेवढी काळजी नसावी.

या तीस तासांची सुरुवात कशाने होते, ते अमळनेरच्या माणसाला वाचून गंमत वाटेल. पहिलाच घटक तत्त्वज्ञानाचा आहे : तत्त्वज्ञान म्हणजे काय, त्याच्या शाखा कोणत्या, नैतिक निवाडा आपण कसा करतो. त्याला तास दिलेत तीन. तुमच्या गावात श्रीमंत प्रतापशेठजींनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर काढले, ते याच प्रश्नांवर आयुष्य घालवू इच्छिणाऱ्यांसाठी. शेठजींच्या दानावर तिथे देशभरातले अभ्यासक राहून काम करत. म्हणजे अनुदानित संशोधक ही चीज अमळनेरला नवी नाही. कृष्णचंद्र भट्टाचार्य तिथे काही काळ संचालक होते. मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती या तिघांचा 'अज्ञान' हा ग्रंथ १९३३ मध्ये लंडनहून निघाला, तोही इथल्याच मुक्कामातला. साने गुरुजी गावात आले तेही आधी या मंदिरात, शाळेत नंतर. तिथे वर्षानुवर्षे चाललेला विषय आता तीन तासांत उरकतात म्हणून नाक मुरडावेसे वाटते खरे. पण रसायनशास्त्राच्या किंवा वाणिज्याच्या विद्यार्थ्याला आयुष्यात तत्त्वज्ञानाचे हे तीनच तास मिळणार आहेत. ते चांगल्या माणसाने घेतले तर वाया जात नाहीत.

आता तुमचा मुख्य प्रश्न. प्रामाणिकपणा तासाला बसवून शिकवता येतो का? नाही येत. डार्सीला कुणी वर्गात बसवून 'मिनिटाला आठवडा म्हणू नये' असे सांगितले असते, तर तो सुधारला असता असे मला मुळीच वाटत नाही. असल्या प्रशिक्षणावर जे अभ्यास झाले आहेत त्यांतही माहिती वाढल्याचे दिसते, वागणूक बदलल्याचा भक्कम पुरावा नाही. पण हा पेपर चोराला साव करण्यासाठी नाहीच. प्रामाणिक माणूस जिथे अडखळतो, तिथल्या रीती त्याला ठाऊक असाव्यात म्हणून तो आहे. घरच्या संस्कारांत त्या येत नाहीत, कारण घरात तसा प्रसंगच येत नाही.

एक उदाहरण लेखकाच्या नावाचे. भाच्याने प्रयोग केले, आलेख काढले, निबंध लिहिला. गाईडने दोन वाक्ये दुरुस्त केली. विभागप्रमुखांनी उपकरण वापरू दिले. शेजारच्या टेबलावरच्या मित्राने रात्री जागून आकडेमोड तपासली. निबंधावर नावे कुणाची आणि कोणत्या क्रमाने? संस्कार म्हणतील, सगळ्यांची घाला, मोठ्यांचे आधी. संशोधनाची रीत वेगळे सांगते. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी लेखकपणासाठी चार अटी घातल्या आहेत आणि चारही पुऱ्या व्हाव्या लागतात : कामात खरा वाटा, लिहिण्यात किंवा मजकूर पारखण्यात सहभाग, अंतिम मसुद्याला संमती, आणि उद्या कुणी बोट ठेवले तर उत्तर देण्याची जबाबदारी. नुसते उपकरण देणारा आभारात बसतो.

भाच्याच्या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे त्यांचाच दाखला घ्या. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. गाणी त्यांची, कागदावर उतरवली ती मुलगा सोपानदेव आणि नातलगाने. बहिणाबाई गेल्या १९५१ च्या डिसेंबरात. पुढल्या वर्षी अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आले ते 'बहिणाबाईंची गाणी' म्हणूनच. सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी होते, तरी मुखपृष्ठावरच्या त्या नावाविषयी शंका घ्यायला जागा राहिली नाही. हा निर्णय आज आपल्याला सोपा वाटतो. विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत तितका सोपा राहत नाही, कारण तिथे फेलोशिपच्या कागदावर आणि प्रगती-अहवालावर गाईडची सही लागते. ज्याच्या सहीवर घरभाडे अवलंबून आहे, त्याला 'सर, तुमचे नाव इथे बसत नाही' हे कोणत्या तोंडाने सांगायचे?

नाव लावले की जबाबदारीही आली, हे मोठ्या माणसांनाही कधी कधी महागात पडते. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने पेटंट कायद्यावर अहवाल दिला होता. त्यातला काही मजकूर शमनाद बशीर यांच्या निबंधातून श्रेय न देता जसाच्या तसा आल्याचे निघाले. मसुदा उपगटाने केला होता, तरी अध्यक्ष म्हणून माशेलकरांनी फेब्रुवारी २००७ मध्ये अहवाल मागे घेतला आणि सुधारून २००९ मध्ये पुन्हा सादर केला. कोणत्याही वर्गात हा दाखला द्यावा असा आहे, कारण यात खलनायक कुणी नाही. कुणीतरी घाईत उतारा उचलतो, दुसरा तो न तपासता पुढे सरकवतो, आणि उत्तर द्यायची वेळ येते ती ज्याचे नाव वर आहे त्याच्यावर.

इथवर मी या अभ्यासक्रमाचा वकील झालो. आता तक्रार सांगतो.

तीस तासांची वाटणी पाहिली तर प्रकाशनाच्या नीतीला सात तास, संदर्भकोश, इम्पॅक्ट फॅक्टर आणि एच-इंडेक्सच्या मोजमापांना सात तास, मुक्त प्रकाशनाला चार. पैसे घेऊन वाटेल ते छापणारी नियतकालिके कशी ओळखावीत हे त्यात आहे, आणि त्यासाठी पुणे विद्यापीठाने तयार केलेले साधनही आहे. या दुकानदारीने इतक्या पोरांचे पैसे खाल्ले आहेत की हे शिकवलेच पाहिजे. पण ज्या माणसांकडून माहिती घ्यायची, त्या माणसांसाठी स्वतंत्र घटकच नाही. गटचर्चेत 'विषयानुरूप नैतिक प्रश्न' असा एक शब्दप्रयोग आहे. शिकवणाऱ्याला वाटले तर तो त्यात हा विषय बसवतो, नाही वाटले तर विद्यार्थी परीक्षा पास होऊन प्रश्नावली घेऊन गावात शिरतो.

आणि खान्देशात गावात शिरणे म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगायला नको. पारोळ्याकडच्या एखाद्या वाडीत मोटारसायकलवरून फाइल घेतलेला तरुण उतरला की पहिला प्रश्न येतो, ''भाऊ, घरकुलना फॉर्म शे का?'' नाही म्हटले तरी विश्वास बसत नाही. सरपंच पारावरून हुकूम सोडतात, सगळ्यांनी माहिती द्या. झाली संमती! मग ज्या बाईला वाटते की हा माणूस यादीत नाव घालणार, ती कर्ज किती, जमीन किती, नवरा पितो का, सगळे सांगते. तिने आपणहून सांगितले हे खरे, पण ज्या समजुतीवर सांगितले ती खोटी होती. ती समजूत दूर करणे संशोधकाच्या गैरसोयीचे असते, कारण मग अर्धी दारे बंद होतात. अगदी प्रामाणिक मुलगाही इथे गप्प बसू शकतो आणि आपण काही चुकलो असे त्याला वाटतही नाही.

चोपड्याच्या, यावलच्या वरच्या अंगाला सातपुड्यात गेलात तर घरात पावरी किंवा भिली बोलली जाते, आणि संमतीपत्र असते सरकारी मराठीत. 'सदर संशोधनात मी स्वेच्छेने सहभागी होत असून' या ओळीखाली अंगठा घेतला म्हणजे कागद पुरा होतो, एवढेच. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की माहिती त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत द्या, आणि वाचता न येणाऱ्याची संमती घेताना त्रयस्थ, साक्षर साक्षीदार हजर ठेवा. पण ती आरोग्य-संशोधनासाठी आहेत. वैद्यकीय महाविद्यालयात नीतिमत्ता समिती बसते, प्रश्नावली आणि संमतीपत्र तिच्या हाताखालून जाते. अर्थशास्त्रात किंवा समाजकार्यात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरी जाऊन त्याच्या विधवेला 'कर्जाची रक्कम' आणि 'घटनेची तारीख' विचारणाऱ्या विद्यार्थ्याला बहुतेक ठिकाणी अशी कुठलीच समिती गाठावी लागत नाही. प्रबंधात नाव बदलले की गुप्तता पाळली असे मानतात. गावाचे नाव तसेच, समाज तोच, आणि त्या समाजाचे गावात घर एकच. कोण ते गावातल्या पोरालाही कळते.

सामाजिक बाजूने आरोग्याचा अभ्यास करणाऱ्यांसाठी मुंबईच्या 'सेहत' संस्थेच्या पुढाकाराने २००० साली नैतिक मार्गदर्शक तत्त्वे तयार झाली होती. महाराष्ट्रातच, पंचवीस वर्षांपूर्वी. ती प्रत्येक विद्यापीठाच्या कोर्सवर्कमध्ये वाचून घ्यायला काय हरकत होती, हे मला कळलेले नाही.

यातले प्रश्न किती अवघड असतात, त्याला मुंबईचाच दाखला आहे. टाटा मेमोरियलने १९९८ पासून झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख स्त्रियांवर एक चाचणी चालवली. अर्ध्या स्त्रियांची गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी व्हिनेगर लावून तपासणी, उरलेल्यांना आरोग्यशिक्षण, तपासणी नाही. २०१३ मध्ये निष्कर्ष आला : तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी. गरीब देशांना परवडेल असा स्वस्त उपाय हाती आला म्हणून जगभर कौतुक झाले. त्याच वेळी एका अमेरिकन डॉक्टरने विचारले, तपासणीविना ठेवलेल्या बायकांचे काय? त्यांना सगळे नीट सांगितले होते का? संशोधकांचे म्हणणे असे की देशात तपासणीची योजनाच नव्हती, म्हणजे त्यांच्याकडून काही काढून घेतले नाही, आणि उपाय लागू पडतो हे सिद्ध व्हायचेच होते. दोन्ही बाजूंची माणसे भली. आता पाहा, तक्रार गेली कुठे? अमेरिकेच्या सरकारी कार्यालयात, कारण चाचणीला पैसा तिथला होता. त्या कार्यालयाला संमतीच्या वेळी दिलेल्या माहितीत त्रुटीही आढळल्या. मुंबईतल्या बाईच्या वतीने प्रश्न विचारण्याचा अधिकार वॉशिंग्टनला मिळाला तो अनुदानामुळे. तुम्ही विचारलेत ना, अनुदान घेणाऱ्यालाच का? पैशाबरोबर जाब विचारणारा येतो, म्हणून. पदवीबरोबर येतो तो परीक्षक, आणि तो वाडीत जाऊन कुणाला काही विचारत नाही.

दुसरी तक्रार थोडक्यात. तास विद्यार्थ्याला, गाईडला नाही. आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधात वाङ्मयचौर्य नाही असे प्रमाणपत्र गाईड देतो. पण नाव कुणाचे लावावे, संमती कशी घ्यावी, नोंदवह्या कुणाच्या ताब्यात राहतील, हे ठरते त्याच्याच खोलीत. विद्यार्थी वर्गात चार अटी पाठ करून येतो आणि खोलीत पाचवीच अट चालू असते. अमेरिकेत एनएसएफने जुलै २०२३ पासून प्राध्यापक आणि वरिष्ठ संशोधकांनाही प्रशिक्षणाच्या अटीत ओढले. आपल्याकडेही बाकांची मांडणी बदलावी आणि पहिल्या ओळीत गाईड बसवावेत, असे माझे मत आहे. भाच्याने ते गाईडपुढे बोलून दाखवू नये.

उपप्रश्न : दहा टक्के कॉपी चालते, असेही भाचा म्हणतो. हे खरे का?

उत्तर : अर्धवट खरे. २०१८ च्या नियमांत प्रबंधातले साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. दहा ते चाळीस टक्के निघाले तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचे, चाळीस ते साठ असेल तर वर्षभर सुधारित प्रत देता येत नाही, साठच्या वर नोंदणी रद्द. अवतरण देऊन, श्रेय देऊन घेतलेला मजकूर, संदर्भसूची, ठरावीक संज्ञा, कायद्यांची कलमे हे मोजणीतून वगळतात. उरलेले दहा टक्के आहेत ते योगायोगाने जुळणाऱ्या वाक्यांसाठी. तेवढा वाटा चोरायला दिला आहे, असा त्याचा अर्थ नाही. दुसऱ्याचा मुख्य निष्कर्ष दोन पानांत बसतो, आणि तीनशे पानांच्या प्रबंधात दोन पाने म्हणजे एक टक्काही नाही.

यंत्र शब्द जुळवते, एवढे लक्षात ठेवले म्हणजे पुरे. इंग्रजी निबंध मराठीत उतरवून आपला म्हणून खपवला तर ते सहसा गप्प राहते. त्यात मराठी प्रबंधांची आणखी एक अडचण आहे. अजूनही पुष्कळ टायपिंगवाले युनिकोडऐवजी जुन्या फॉन्टमध्ये काम करतात. पडद्यावर ते सुरेख देवनागरी दिसते, पण यंत्राला त्यात नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसते आणि ती जगात कशाशीच जुळत नाही. तेव्हा मराठीतल्या प्रबंधाचा शून्य टक्क्यांचा अहवाल आला, तर पेढे आणण्याआधी टायपिंगवाल्याला फॉन्ट कोणता ते विचारावे.